येण्यापूर्वी कळवावे

दूध उतू जायला आणि मोबाइल वाजायला एकच गाठ पडली. मी आधी गॅस बंद केला, ओटा पुसला, फडकं पिळून वाळत घातलं आणि मग चष्मा लावून मोबाइल हातात घेतला. आठ वाजायला दहा मिनिटं होती. संदेश पद्माचा होता. पद्मा म्हणजे पद्मजा, माझी एकुलती एक मुलगी, पुण्यात दिलेली.

"अण्णा, मी आणि ओवी थोडे दिवस तिकडे येऊन राहिलो तर चालेल का? थोडे म्हणजे किती, ते आत्ता सांगता येत नाही."

मी तो दोनदा वाचला. मग खुर्चीवर बसून तिसऱ्यांदा वाचला. ओवी माझी नात, तेव्हा दुसरीत होती. दिवाळीची सुट्टी संपून आठवडा झाला होता, शाळा सुरू झाल्या होत्या. प्रशांतला म्हणजे जावयाला सुट्टी नाही असं सांगून दिवाळीला मायलेकी आल्या नव्हत्या. दिवाळीला न आलेली मुलगी ऐन शाळेच्या दिवसांत लेकीला घेऊन येते म्हणते, आणि किती दिवस ते सांगत नाही. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाचण्यात घालवलेल्या माणसाला यातलं न लिहिलेलं कळायला वेळ लागत नाही. पद्माचं घरी बिनसलं होतं, आणि साधंसुधं नाही.

खोटं कशाला सांगू, मला पहिल्यांदा वाईट वाटलं नाही. आनंद झाला. माझ्या बायकोला, विमलला जाऊन दोन वर्षं झाली होती. जयसिंगपूरच्या आमच्या गल्लीत मी एकटा राहायचो. आम्ही जैन, आमच्यात जेवण सूर्यास्ताच्या आत. हिवाळ्यात साडेपाचलाच ताट धुऊन पालथं घातलं की पुढची सगळी संध्याकाळ अंगावर यायची. आता वरच्या खोलीत पोरीच्या पायांचा आवाज येणार, या विचाराने मी चहा प्यायचाच विसरलो. मग आनंद झाल्याची लाज वाटली.

दुसरा एखादा माणूस असता तर त्याने तिथल्या तिथे 'ये' असं लिहिलं असतं. मी कपाटातून पॅड आणि पेन काढलं.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला मी वेडा वाटेन. आमच्या ऑफिसात मसुदा म्हटला की मगदूमबाबू, म्हणजे मी, असं होतं. कुणाचा अर्ज नामंजूर करायचा असो, वरिष्ठांना कोपरखळी मारायची असो, शेजारच्या ऑफिसातले साहेबसुद्धा मला बोलावून घ्यायचे. हे मला शिकवलं आमचे हेडक्लार्क सदलगे यांनी. ते म्हणायचे, पत्रात माणूस दिसता कामा नये. राग दिसला तर तो उद्या अंगावर येतो, लोभ दिसला तर परवा. आधी मनातलं सगळं कागदावर ओतावं, मग लाल पेन घेऊन एकेक ओळ तपासावी, जिच्यात माणूस सापडेल ती काढून टाकावी. आणि मसुदा निदान एक जेवण तरी मुरू द्यावा. लगेच पाठवलेलं पत्र आणि न भाजलेली वीट, दोन्हींचा भरवसा नाही. मी नोकरीत हा नियम कधी मोडला नाही, आणि त्यामुळे माझं एकही पत्र कधी परत आलं नाही.

तेव्हा पॅडवर मी आधी सगळं ओतलं. ते मला अजून शब्दशः आठवतं.

"चि. पद्मा, हे काय विचारणं झालं? घर तुझंच आहे. आजच्या आज निघ. काय झालं ते मी विचारणार नाही, तुला सांगावंसं वाटलं तर सांग. वरची खोली तुझी आणि ओवीची. मी स्टँडवर न्यायला येतो. तुझी आई गेल्यापासून या घरात माणसाचा आवाज नाही. लवकर ये."

मग लाल पेन घेतलं. 'हे काय विचारणं झालं' हे रागावल्यासारखं वाटेल, आधीच बिचारी भेदरलेली असेल, म्हणून काढलं. 'आजच्या आज निघ' हा हुकूम झाला. शिवाय तिने काही सांगितलं नसताना आपण सगळं ओळखून बसलोय असं त्यातून दिसतं. तिला ओशाळं वाटेल, म्हणून काढलं. 'काय झालं ते विचारणार नाही' असं लिहिणं म्हणजे विचारण्यासारखंच, तेही गेलं. तिच्या आईबद्दलची ओळ तर सरळ माझं गाऱ्हाणं होतं. दुसऱ्याच्या अर्जाच्या उत्तरात आपलं रडगाणं गाऊ नये. 'लवकर ये' म्हटलं की तिला वाटेल म्हातारा एकटा पडलाय, आणि ती स्वतःचं दुःख सोडून माझीच काळजी करत बसेल. एकेक ओळ मी तिच्याच भल्यासाठी खोडत गेलो.

दहा वाजता देवळात जाऊन आलो. बारा वाजता जेवलो. मसुदा मुरत होता.

एक वाजता पुन्हा मोबाइल वाजला. "अण्णा, पाहिलंत का?" एवढंच होतं. मनात म्हटलं, पोर लहानपणापासून उतावीळ. फाइल कुठे अडकली असेल तर 'विचाराधीन आहे' असं मधलं उत्तर द्यायची पद्धत असते. इथे फाइल अडकलेली नव्हती, अंतिम उत्तर तयार होत होतं. मी थोडा वेळ आडवा झालो.

तीनला उठून शेवटची प्रत केली. एक गोष्ट मात्र वाढवली. नुसता होकार दिला तर तो न वाचता सही ठोकल्यासारखा दिसतो. एखादी बारीकशी अट घातली की विचार करून दिलाय असं दिसतं, आणि घेणाऱ्यालाही मान वाटतो. हेही सदलग्यांचंच. मोबाइलवर एका बोटाने मराठी उमटवायला मला पाऊण तास लागला. चार वाजून बारा मिनिटांनी संदेश गेला.

"तुझा संदेश मिळाला. येण्यास हरकत नाही. वरची खोली रिकामी आहे. तथापि ओवीच्या शाळेचे नुकसान होणार नाही अशा बेताने तारीख ठरवावी. येण्यापूर्वी कळवावे. अण्णा."

कुठे शब्द जास्त नाही, कुठे प्रश्न नाही, उपकाराची भाषा नाही. निवृत्तीनंतर इतका चांगला मसुदा झाला नव्हता. वाचल्याच्या त्या दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. पाच-सात मिनिटांनी उत्तर आलं, "बरं."

मला ते आवडलं. तिच्या जागी मी असतो तर मीही एवढंच लिहिलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. वरच्या खोलीत विमलच्या ट्रंका, गाद्यांच्या वळकट्या आणि मोडका पंखा होता. सगळं खाली आणलं. याकूब रंगाऱ्याला बोलावलं. त्याने रंग विचारला तेव्हा मी म्हणालो, लहान मुलीला आवडेल असा. तो हसून म्हणाला, "बाबू, आता कोण येणार हाय म्हणायचं?" मी म्हटलं, मुलगी आणि नात. किती दिवस, असं त्याने विचारलं नाही. भला माणूस. खोलीला त्याने फिकट पिवळा रंग दिला आणि दप्तर अडकवायला दोन खुंट्या माझ्या कमरेच्या उंचीवर ठोकून दिल्या. एक छोटं टेबल घेतलं. जवळच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापिकाबाईंना वर्षाच्या मध्ये प्रवेश देतात का विचारून आलो. त्या देतो म्हणाल्या.

एकाच ठिकाणी अडलो. ओवीला खायला काय आवडतं ते मला माहीत नव्हतं. सात वर्षांत मी तिला कधी विचारलंच नव्हतं. ती खाती सगळी विमलकडे होती. पद्माला विचारावं असं मनात आलं, पण मग ती म्हणेल, अण्णांनी तयारी सुरूसुद्धा केली, आता जावंच लागेल. तिच्यावर दडपण नको म्हणून विचारलं नाही.

विमल असती तर हा प्रश्नच आला नसता. ती असताना माझं आणि पद्माचं सगळं बोलणं तिच्यामार्फत व्हायचं. पद्माचा रोज फोन यायचा, मायलेकी तास तास बोलायच्या, मी पेपर वाचत मध्येच म्हणायचो, तिकडे थंडी पडली का विचार. विमल फोनमध्ये सांगायची, "अण्णा म्हणतायत, सकाळी स्वेटर घातल्याशिवाय बाहेर पडू नको, तुला सर्दी लगेच होते." मी चिडायचो, मी असं कुठं म्हटलं? ती फोनवर हात ठेवून म्हणायची, "म्हटलं नाही, पण म्हणायचं होतं ना?" शेवटी फोन माझ्याकडे यायचा. मी "हं, बरी आहेस ना? हं. ठेवतो" म्हणायचो. ती गेल्यावर फोन आपोआप बंद पडले आणि संदेश सुरू झाले. दोघांनाही तेच सोयीचं वाटत होतं, असं मी समजत होतो.

आठवडा गेला, दहा दिवस गेले. तारीख येईना. मी बेचैन होतो, पण स्मरणपत्र पंधरा दिवसांच्या आत पाठवायचं नाही हा नियम होता. त्याआधी पाठवलं तर समोरच्याला आपण त्याच्यावर अविश्वास दाखवतोय असं वाटतं. रोज सकाळी वर जाऊन खिडकी उघडायचो, संध्याकाळी लावायचो. एकदा खुंटीला माझी पिशवीच अडकवून बघितली. वाईट दिसत नव्हती.

पंधरा दिवस भरले त्या सकाळी लिहिलं, "मागील संदेशाच्या अनुषंगाने, येण्याची तारीख अद्याप कळलेली नाही. कळवावी."

एका मिनिटात उत्तर आलं. "नाही येत अण्णा. इथंच जमवलंय. काळजी करू नका."

मी वर जाऊन नव्या टेबलासमोर जमिनीवर बसलो. रंगाचा वास अजून गेला नव्हता. मला रडू आलं नाही, पण उठवतही नव्हतं. तिचं घर सावरलं असेल तर मला आनंद व्हायला हवा होता, आणि होत नव्हता. मी किती स्वार्थी माणूस आहे ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी इचलकरंजीहून शांता आली. शांता माझी मेव्हणी, विमलची धाकटी बहीण. तिच्या दिराच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली होती. तिला घरभर फिरायची सवय. वर जाऊन आली आणि जिन्यातूनच विचारलं, "दाजी, वर कुणाचं बिऱ्हाड येणार हाय?"

मी सगळं सांगितलं. आणि, आता हसू येतं, पण आपलं काही चुकलेलं नाही हे पटावं म्हणून मोबाइल तिच्या हातात दिला. ती सातवी शिकलेली, तिने संदेश मोठ्याने वाचायला घेतला. आधी पद्माचा वाचला. मग माझा.

माझं लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून मी आयुष्यात प्रथमच ऐकत होतो. ऑफिसात पत्रं कुणी मोठ्याने वाचत नाही. शांताचा आवाज खडा, लाटांसारखा वर-खाली होणारा; पद्माचा संदेश वाचताना तो हळू झाला होता. माझ्या संदेशापाशी आला आणि सपाट झाला. मुद्दाम नाही, तसा वाचण्यासारखं दुसरं काही त्यात नव्हतंच. "येण्यास हरकत नाही," तिने वाचलं. "तथापि." तिथे ती थांबली आणि माझ्याकडे बघितलं. "येण्यापूर्वी कळवावे," एवढं वाचून तिने मोबाइल मांडीवर ठेवला.

"हे तुम्ही लेकीला लिव्हलंय?"

मी मान हलवली.

"माझ्या नवऱ्याने मला असं लिव्हलं असतं, तर मी माघारी फिरले असते दाजी." ती रागावलेली नव्हती, हेच मला जास्त लागलं. "पोर विचारतीया, मला घरात घेता का. आणि तुम्ही म्हणताय, कळवावे."

मी तिला समजावून सांगायला लागलो, की मूळ मसुद्यात काय काय होतं आणि कोणती ओळ कशासाठी काढली. ती शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाली, "ते काढलेलं तिला कुठं दिसलंय?"

मी फोन करतो म्हणालो. ती म्हणाली, फोनबिन नको, उद्या पहाटेची गाडी धरा आणि तोंड दाखवा.

सांगलीहून साडेपाचच्या गाडीने निघालो. वाटेत पॅड उघडलं नाही. सोबत आणलंच नव्हतं. गाडी साताऱ्याला थांबली तेव्हा ठरवलं, दोनच शब्द म्हणायचे, घरी चल. त्यात काटछाट करण्यासारखं काही नव्हतं.

साडेअकराला पद्माच्या दारात होतो. प्रशांत कामावर, ओवी शाळेत. दार उघडून ती बघतच राहिली. आधी तिला वाटलं कुणीतरी गेलं. मी म्हटलं, सगळे बरे आहेत. तिने पाणी दिलं, चहा टाकला. ती फार वाळली होती. घर टापटीप होतं. मी कपबशी हातात घेतली आणि घोट न घेताच म्हणालो, "पद्मा, घरी चल."

ती माझ्यासमोर पाटावर बसली.

"आता नको अण्णा," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. प्रशांत मारणारा-झोडणारा नव्हता, दारूही नव्हती. तो बोलायचा नाही. एखादी गोष्ट मनाविरुद्ध झाली की महिना महिना घरात शब्द नाही. काही हवं असलं तर फ्रिजवर चिठ्ठी. ओवी दोघांमध्ये निरोप नेऊन नेऊन थकली होती. एका रात्री ओवीने झोपताना विचारलं होतं, आई, बाबांना आपला आवाज आवडत नाही का? तेव्हा पद्माने ठरवलं, निघायचं. पण सगळं तोडून नाही, आधी थोडे दिवस माहेरी जाऊन श्वास घ्यायचा आणि मग बघायचं.

"मी तुम्हाला मेसेज केला ना, तेव्हा मी घरी नव्हते," ती म्हणाली. "स्वारगेटला होते. साडेसातला पोचलो होतो आम्ही. दोन बॅगा होत्या. ओवीला शाळेच्या युनिफॉर्ममध्येच आणलं होतं, शेजारी कुणाला कळू नये म्हणून."

माझ्या हातातली कपबशी मी खाली ठेवली.

"आई असती तर विचारलंच नसतं, सरळ गाडीत बसले असते. म्हटलं, अण्णांना आधी विचारावं. त्यांचं 'ये' आलं की तिकीट काढू. ओवी दर गाडीला विचारत होती, हीच का आपली? मी म्हणायचे, पुढची. तुम्ही पाहिलंय हे दिसत होतं मला. निळं झालेलं. सकाळीच झालं होतं. उत्तर येईना. एकला परत विचारलं. तेही पाहिलंत."

"फोन करायचास," मी म्हणालो. माझाच आवाज मला कुठूनतरी लांबून आल्यासारखा वाटला.

"फोनवर तुम्ही 'हं' म्हणता अण्णा. एका 'हं'वर मला घर सोडता आलं नसतं."

सव्वाचारला माझं उत्तर गेलं. ते तिने तिथेच बाकावर वाचलं. शाळा नुकतीच सुटलेली होती. रिक्षा केली, ओवी शाळेतून आल्यासारखी घरी आली, बॅगा पलंगाखाली गेल्या. प्रशांतला काही कळलंसुद्धा नाही.

"मला राग नाही आला," पद्मा म्हणाली. "आईने सांगितलं होतं मला, अण्णांचं बोलणं वर वर घेऊ नको म्हणून. पण त्या दिवशी मी दमले होते हो. त्याचं न बोलणं आणि तुमचं न बोलणं, मला दोन्ही एकसारखंच दिसलं."

मी तिला सांगितलं. वरची खोली रंगवली ते, टेबल, मुख्याध्यापिकाबाई, सगळं. मला नीट सांगता येत नव्हतं, मध्येच 'सदर खोली' असं तोंडातून गेलं. ती ऐकत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मला वाटलं, आता ती उठेल आणि बॅगा काढेल.

ती उठली आणि मला पोळीभाजी वाढायला लागली. वाढता वाढता म्हणाली, त्या सव्वाचारनंतर तिने ठरवलं की आता कुणाला विचारायचं नाही. एका दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायचं काम मिळालं होतं. तिथल्याच एका बाईंच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. एक तारखेला ती आणि ओवी तिथे जाणार होत्या. ओवीची शाळाही बदलायची नव्हती.

"मग मी येतो एक तारखेला. सामान हलवायला."

"नको. जमेल मला." मग माझ्याकडे बघून ती समजुतीने म्हणाली, "त्या दिवशी मी आले असते अण्णा. कायमची. आता मला यायचं कारण उरलं नाही. सणाला येऊ की."

ओवीला काय खायला आवडतं, हे विचारायचं माझ्या मनात होतं. ते तेवढं विचारलं. पद्मा म्हणाली, साधं वरण, त्यात लिंबू फार. मी ते लक्षात ठेवलं आणि पायात चपला घातल्या.

स्वारगेटला पोचलो तेव्हा दोनची सांगली गाडी लागलेली होती. जागाही होती. मी चढलो नाही. ज्या फलाटावर आमच्या बाजूच्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर बसलो. कोणत्या बाकावर ती बसली होती ते मी विचारलं नव्हतं, म्हणून मधल्यावर बसलो.

बाक लोखंडी होता, पाठ टेकायला नीट जागा नव्हती. शेजारी एक बाई गाठोड्यावर पाय ठेवून डुलक्या घेत होती. पाण्याचा नळ बराच लांब होता. सात वर्षांच्या मुलीला तिथे नेऊन आणायचं म्हणजे दोन बॅगा कुणाच्या भरवशावर टाकायच्या, ते मला समजेना. मी हिशेब लावत बसलो. दहा वाजता ती इथे होती तेव्हा मी देवळाच्या पायऱ्यांवर चप्पल शोधत होतो. बाराला मी जेवत होतो. ओवी काय जेवली असेल? दोन वाजता मी पांघरूण घेऊन झोपलो होतो. तीनला मी 'तथापि' लिहिलं. मला पूर्ण वेळ बसून बघता येणार नव्हतं, पण सव्वाचारपर्यंत बसायचं एवढं ठरवलं. तोवर आणखी दोन गाड्या सोडल्या. कंडक्टरने हात करून बोलावलं, मी मान हलवली.

सव्वाचारला मी पद्माला फोन केला. स्वतःहून केलेला तो माझा पहिला फोन.

"पद्मा, मी स्टँडवरच आहे."

"अजून?" ती घाबरली. "गाडी चुकली का?"

"नाही."

तिने पुढे काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तिला कळलं असावं, कारण फोन तिने ठेवला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. मागे ओवी काहीतरी मोठ्याने वाचत होती, शाळेतलं असेल. मला म्हणायचं होतं की माझं चुकलं, मला तुम्ही दोघी हव्या होता, फार हव्या होता. हे शब्द मसुद्याशिवाय माझ्या तोंडापर्यंत येऊन उभे होते. इतक्यात माईकवरून सांगली गाडी पुकारली. तिलाही ते ऐकू गेलं.

"जा अण्णा आता," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. ओवी अकरावीत आहे, पद्माने स्वतःचं नीट उभं केलंय. माझं वय आता चौऱ्याहत्तर. ते 'जा आता' तिने रागाने म्हटलं, दमून म्हटलं, की मला उशीर होऊ नये म्हणून मायेने म्हटलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. विचारायचंच म्हणून मी आठवड्यातून दोनदा तरी फोन लावतो. ती म्हणते, "हं अण्णा, बोला." आणि मी विचारतो, जेवलीस का?